समासातला 'कुठे?' : एफ.वाय.ला इंग्लिश घेणाऱ्यांसाठी

बी.ए.ला इंग्लिश घेणार म्हटल्यावर आमची आत्या म्हणाली, "बरं झालं, आता फाडफाड बोलशील." तीन वर्षं झाली, मग एम.ए. झालं, आणि अजून बँकेतल्या साहेबाशी इंग्रजीत बोलायची वेळ आली की मी वाक्य आधी मनात जुळवून घेते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या वर्गातले निम्मे जण याच आशेने आले होते आणि दिवाळीपर्यंत हिरमुसले होते. साहित्याच्या तासाला बोलायला शिकवत नाहीत. वाचायला शिकवतात. आणि आपल्याला वाचता येतं असा आपला समज असतो, हीच तर पहिल्या वर्षाची खरी अडचण.

मी बार्शीची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आमच्या वेळी कंपल्सरी इंग्लिश सगळ्यांना, आमच्यासारख्यांना त्याशिवाय ऑप्शनल, आणि 'स्पेशल'चा रुबाब एस.वाय.पासून. आता मेजर, मायनर, क्रेडिट अशी भाषा आली आहे. पेपरांची नावं काहीही असोत, पहिल्या वर्षी साधारण हातात पडतात त्या काही कविता, काही कथा, एखादी एकांकिका आणि साहित्यप्रकारांची तोंडओळख. बघायला पोर्शन थोडाच वाटतो. म्हणून तर आपण फसतो.

पहिल्या टेस्टला मी रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या 'माय लास्ट डचेस' (डचेस म्हणजे ड्यूकची, बड्या सरदाराची बायको) या कवितेवर दोन पानं भरून लिहिलं. झेरॉक्सच्या दुकानात मिळालेल्या नोट्स पाठ होत्या : ड्यूक हा कलाप्रेमी असून अहंकारी आहे, कविता नाट्यात्म स्वगताचं उत्तम उदाहरण आहे, भाषा ओघवती आहे. दहापैकी साडेतीन. आणि समासात मॅडमनी लाल पेनाने प्रत्येक विधानापुढे एकच शब्द लिहिलेला : 'कुठे?' कलाप्रेमी, कुठे? अहंकारी, कुठे? ओघवती, कुठे? असे अकरा 'कुठे'. मला आधी राग आला. नोट्समध्ये छापलेलं होतं, मी काय मनचं लिहिलं होतं का?

स्टाफरूममध्ये गेले तर मॅडम म्हणाल्या, "कवितेत त्या बाईचं काय होतं ते सांग." मी म्हटलं, "ती वारते." "कशाने?" मला सांगता येईना. आजारी असेल, म्हटलं. त्यांनी पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं : 'आय गेव्ह कमांड्स, देन ऑल स्माइल्स स्टॉप्ड टुगेदर.' मी हुकूम सोडले. मग सगळं हसू एकदमच थांबलं. यातला एकही शब्द मला अडणारा नव्हता. आठवीतल्या मुलालाही ही ओळ समजेल. पण नवऱ्याने बायकोला संपवलं, हे त्या ओळीत मी वाचलंच नव्हतं. एकूण छप्पन ओळी, आणि ज्या ओळीसाठी बाकीच्या पंचावन्न लिहिल्या आहेत ती मी ओलांडून गेले होते.

कविता १८४२ सालची. इटलीतल्या फेरारा शहराचा ड्यूक भिंतीवरचं चित्र पाहुण्याला दाखवतोय. चित्रावर पडदा आहे आणि तो बाजूला करायचा हक्क फक्त त्याचा. पाहुणा कोण, हे शेवटी कळतं : पुढच्या सोयरिकीची बोलणी करायला आलेला दूत, म्हणजे 'एन्व्हॉय'. हुंड्याचा विषयही निघतो. आता शीर्षक पुन्हा बघा. 'लास्ट' म्हणजे शेवटची की आधीची? इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात मावतं. मराठीत आणायला बसलात की एक सोडावं लागतं, आणि 'माझी आधीची बायको' म्हटल्यावर जो काटा येतो तो 'शेवटची'ने येत नाही. मी अजूनही हाच उद्योग करते : अडलेली ओळ वहीत मराठीत लिहून बघते. छापायला नव्हे. कुठला शब्द मराठीत यायला नकार देतो ते कळावं म्हणून. तो जिथे अडतो तिथे बहुधा लिहिण्यासारखं काही असतं.

आणि त्या बाईचा गुन्हा काय, तर ती सगळ्यांकडे बघून हसायची. मावळतीचा उजेड, कुणी तोडून आणलेली चेरीची फांदी, अंगणात फिरवायचं पांढरं खेचर, या सगळ्याला ती ड्यूकच्या नऊशे वर्षांच्या नावाइतकाच मान द्यायची. 'अहंकारी, कुठे?' या प्रश्नाचं उत्तर हे खेचर आहे. नोट्समध्ये खेचर नव्हतं.

यावरून नोट्स वाचूच नयेत असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळेच वाचतात. फक्त क्रम उलटा करू नका. आधी कविता तीनदा, त्यातली एक मोठ्याने. मग नोट्स. नोट्स आधी वाचल्या की कवितेत नोट्सच दिसतात.

मोठ्याने वाचण्याचं वेगळं सांगते, कारण छंदाच्या नावाने आमच्या वर्गाला घाम फुटायचा. 'आयँबिक पेंटामीटर' ही व्याख्या सगळ्यांना पाठ, ऐकू कुणालाच येत नाही. कारण साधं आहे. आपले कान लघु-गुरूवर तयार झालेले. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हणताना लघु-गुरु-गुरु, लघु-गुरु-गुरु असा भुजंगप्रयात शाळेपासून अंगात भिनलेला असतो. इंग्रजीत मोजायची ती अक्षराची लांबी नव्हे, आघात. आपण मराठी माणसं इंग्रजी बोलताना सगळ्या अक्षरांवर सारखंच वजन टाकतो, त्यामुळे ठेका सपाट होतो. शेक्सपिअरचं अठरावं सुनीत घ्या, १६०९ साली छापलेलं : शल-आय, कम-पेअर, दी-टू, अ-सम, मर्स-डे. दहा अक्षरं, पाच जोड्या, प्रत्येक जोडीत दुसऱ्यावर जोर. हाच तो आयँबिक पेंटामीटर. बाकावर बोटाने ठोकून बघा. मी हॉस्टेलच्या पत्र्याच्या कपाटावर ठोकायचे आणि रूममेट ओरडायची. ठेका एकदा कानात बसला की तो मोडतो कुठे तेही ऐकू येतं, आणि परीक्षेत गुण त्या मोडण्याबद्दल लिहिल्यावर मिळतात. 'कवीने आयँबिक पेंटामीटर वापरला आहे' या वाक्याला आमच्या मॅडम शून्य द्यायच्या. रास्तच होतं. वापरला, मग पुढे काय?

ब्राउनिंगच्या त्या कवितेतही दोन-दोन ओळींची यमकं आहेत. मला ती चौथ्या वाचनाला दिसली. वाक्य ओळीच्या टोकाला थांबतच नाही, पुढच्या ओळीत घुसतं, त्यामुळे यमक दबून जातं. माणूस सहज गप्पा मारतोय असं वाटतं, आणि खाली सगळं जोडीजोडीने घट्ट बांधलेलं. तो ड्यूकही तसलाच.

शब्दांचं थोडक्यात. अवघड शब्द त्रास देत नाहीत, ते आपण डिक्शनरीत बघतोच. माझी वीरकर तर पार खिळखिळी झाली होती. गोत्यात आणतात ते ओळखीचे शब्द. १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये कॉलिन्स नावाचा पाद्री एका बड्या बाईच्या 'कंडिसेन्शन'चं तोंडभरून कौतुक करतो. आज या शब्दात तुच्छता आहे. तेव्हा त्याचा अर्थ मोठ्या माणसाने खालच्याशी आपुलकीने वागणं असा चांगला होता. आजचा अर्थ लावला तर कॉलिन्स टोमणा मारतोय असं वाटेल, आणि टोमणा मारण्याइतकी अक्कल त्या बिचाऱ्याकडे नाही. म्हणून जुन्या मजकुरात ओळखीचा शब्द विचित्र जागी बसलेला दिसला तर त्याचा जुना अर्थ शोधा.

दुसरी खोट पार्श्वभूमीची. इंग्रजी कवी बायबलचे दाखले असे देतो, जसे आपण कर्णाचं चाक नाहीतर शबरीची बोरं म्हणतो. खुलासा कुणी करत नाही. मी पहिल्या मे महिन्याच्या सुट्टीत मराठी बायबलमधलं 'उत्पत्ति' आणि एक शुभवर्तमान वाचून काढलं. आजीला वाटलं पोरगी बाटली. उधळ्या पुत्राची गोष्ट मी तिला सांगितल्यावर म्हणाली, "बापाने आधी दोन द्यायला पाहिजे होत्या." एवढ्या वाचनावर पुढची दोन वर्षं निभावली. ग्रीक देवांचं मात्र मी कधीच नीट केलं नाही, आणि ते अजून नडतं.

नाटक कठीण जात असेल तर मराठी रूपांतर आधी वाचा असं लोक सांगतात. सांभाळून. मी हौसेने आगरकरांचं 'विकारविलसित' काढलं, १८८३ सालचं, म्हणजे मराठीतला हॅम्लेट. दहा पानांनंतर मूळ इंग्रजी सोपं वाटायला लागलं. उपयोग झाला म्हणायचा.

पुस्तकांवर फार पैसे घालू नका. जुने लेखक स्वामित्वहक्काबाहेर आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात, लिब्रिव्हॉक्सवर ऐकायलाही मिळतात. पण कविता कागदावर घ्या, मोठा समास सोडून प्रिंट काढा. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड प्रती मिळतात. आधीच्या मालकाने पेन्सिलीने काय लिहिलंय ते मी आधी बघते. एकदा 'व्हेरी आयएमपी' एवढंच आख्ख्या पानभर होतं.

पुढे काय, हा प्रश्न पाहुणे विचारतातच. आमच्या बॅचमधले काही बी.एड. करून शाळेत लागले, दोघी सेट-नेटच्या मागे आहेत, एक भाषांतराची कामं घेतो, बरेचसे स्पर्धा परीक्षेला बसले. मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते, तासिका तत्त्वावर. पगाराबद्दल एफ.वाय.ला न बोललेलं बरं.

उत्तरं लिहिण्याची माझी सवय त्या अकरा 'कुठे'नंतर बदलली. प्रत्येक विधानापुढे मीच कच्च्या वहीत 'कुठे?' लिहायचे आणि उत्तर सापडलं नाही तर विधान खोडायचे. दोन पानांचं एक पान झालं. इंग्रजी साधंच राहिलं, छोटी वाक्यं, स्पेलिंगच्या चुका. टर्मच्या शेवटी पुन्हा तीच कविता आली. त्या वेळी मी शेवटाजवळच्या एका वाक्यावर लिहिलं होतं. ड्यूक पाहुण्याला म्हणतो, नाही, आपण बरोबरच खाली जाऊ. पण 'नाही' कशाला? पाहुण्याने काहीतरी केलं असणार. एक तर तो अदबीने मागे थांबला असेल, नाहीतर हे सगळं ऐकून जिन्याकडे निघालाच असेल. कवितेत ते कुठेच लिहिलेलं नाही, फक्त त्या एका 'नाही'त आहे.

पेपर हातात आला तेव्हा त्या परिच्छेदाच्या समासात 'कुठे?' नव्हतं. पेन्सिलीने लिहिलं होतं : 'हे मला सुचलं नव्हतं.' खाली सहा गुण, आणि 'एन्व्हॉय'चं स्पेलिंग दुरुस्त केलेलं.