लॅपटॉपची रॅम बदलताना: कॅम-२ आणि एलपीकॅम-२

सोलापूरच्या नवी पेठेत रॅम घ्यायला जाण्यापूर्वी आपल्या लॅपटॉपला कोणत्या प्रकारची रॅम बसते, हे घरीच पाहून घ्यावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात मेमरीवर क्लिक केले की ‘फॉर्म फॅक्टर’ ही ओळ दिसते. तेथे ‘सोडिम’ असे असेल, तर खाचेत तिरकी घालून दाबायची नेहमीची पट्टी चालेल. ‘रो ऑफ चिप्स’ असेल, तर रॅम बहुधा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते. खात्री मात्र कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलवरूनच करावी.

तिसरा प्रकार नवा आहे. डेलने २०२२ मध्ये आणलेल्या रचनेवरून मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम-२ या सपाट बसणाऱ्या रॅमचे मानक प्रसिद्ध केले. त्यात डीडीआर-५ या नेहमीच्या रॅमचे कॅम-२ आणि एलपीडीडीआर-५एक्स या कमी वीज खाणाऱ्या रॅमचे एलपीकॅम-२ अशी दोन मॉड्यूल (काढता-घालता येणारे भाग) असून ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. एलपीडीडीआर रॅम आजवर सोल्डरच करावी लागे. बोर्डावर सपाट दाबून बसणाऱ्या या जोडणीमुळे ती आता बदलता येते. लेनोवोच्या थिंकपॅड पी१ जेन ७ मध्ये ती २०२४ पासून आहे.

खरेदीचा हिशेब येथे बदलतो. सोडिमची एक पट्टी ६४ बिटची, म्हणजे एका वेळी ६४ बिट माहिती नेणारी, म्हणून पूर्ण वेगासाठी जोडी लागते. एलपीकॅम-२ चे एकच मॉड्यूल १२८ बिटचे असते. त्यामुळे ३२ जीबीचे ६४ करायचे, तर जुने ३२ पूर्ण काढावे लागते, शेजारी भर घालता येत नाही. थोड्याशा वाढीसाठी हा खर्च करू नये, असे माझे मत आहे.

बदलताना लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, मागचे झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवावी आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात स्थिर वीज सहज साचते म्हणून आधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा. यंत्रमागांच्या परिसरातील लॅपटॉपमध्ये सुताचे बारीक तंतू हमखास सापडतात. एखादा तंतू संपर्कबिंदूंवर अडकला तरी जोडणी नीट दाबली जात नाही, म्हणून जुने मॉड्यूल काढण्याआधीच मऊ ब्रशने आजूबाजूची जागा झाडावी. मग स्क्रू सोडून मॉड्यूल कडेने धरून सरळ वर उचलावे, सोनेरी बिंदूंना बोट लावू नये. नवे बसवताना सर्व स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, म्हणजे दाब सगळीकडे सारखा येतो.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा बराच वेळ काळा राहू शकतो. त्या काळात बटण दाबू नये. तरीही सुरू न झाल्यास पुन्हा वीज तोडून स्क्रू सैल करावेत आणि मॉड्यूल नव्याने बसवावे.