चालूच होऊन नाही राहिलं? आधी भिंतीकडे पाहा

नागपुरात सक्करदऱ्याच्या माझ्या लॅपटॉप-मोबाइल रिपेअरच्या दुकानात मे महिन्यात येणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, रात्रीपर्यंत बरोबर होता, सकाळपासून चालूच नाही होऊन राहिला." माझा प्रश्नही ठरलेला. काहीच नाही, की थोडंफार काही होते? एखादा दिवा, पंख्याची घरघर, मोबाइलची थरथर, काहीही? यातलं एक जरी असेल तर पॉवर येत आहे आणि बिघाड पुढे कुठेतरी आहे. काहीच नसेल तर भिंतीपासून सुरुवात करायची.

भिंत म्हणजे सॉकेट. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर ज्या बोर्डावर लागतो, त्याच बोर्डावर सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर आणि लॅपटॉपही लटकलेले असतात. कूलरचा प्लग ढिला असला की आत ठिणगी पडते, पत्ती काळी होते, आणि एके दिवशी ते सॉकेट गुपचूप मरते. एक्स्टेंशन बोर्डाचा लाल दिवा लागला म्हणजे प्रत्येक सॉकेटला करंट आला, असं समजू नका. चालू असलेला मोबाइल चार्जर त्याच भोकात लावून पाहा. मग बंद पडलेली वस्तू दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला लावून पाहा. एवढ्यानेच काम झालं तर दुकानात यायची गरज नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि कूलर वेगळ्या पॉइंटवर न्या.

पुढचा संशयित अडॅप्टर. घरी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) असेल तर तो डीसी 20 व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेरच्या धातूला. दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका. लॅपटॉपच्या बऱ्याच अडॅप्टरवर 19 किंवा 19.5 व्होल्ट लिहिलेलं असते, सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरवर बहुधा 12. मीटरवर शून्य दिसलं किंवा आकडा नाचत राहिला तर अडॅप्टर गेला. आकडा बरोबर आला तरी पूर्ण निर्धास्त होऊ नका, कारण काही अडॅप्टर रिकामे असताना ठीक दाखवतात आणि लोड आला की बसतात. शेजाऱ्याचा तसाच अडॅप्टर लावून पाहणं हा खरा निकाल. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त चालतात, पिनचं प्लस-मायनस मात्र जुळलंच पाहिजे. टाइप-सी वाल्या लॅपटॉपला वॅट पाहा. 65 वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला मोबाइलचा 18 वॅटचा चार्जर लावून "चालू नाही होत" म्हणणारे बरेच येतात.

लॅपटॉपसाठी एक उपाय फुकटाचा आहे आणि पुष्कळदा लागू पडतो. अडॅप्टर काढा. पेनड्राइव्ह, माऊस, एचडीएमआयची वायर, सगळं काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. आतली असेल तर तिला हात लावू नका. आता पॉवरचं बटण सलग 30 सेकंद दाबून धरा. मधेच सोडायचं नाही, लोक दहापर्यंत मोजून कंटाळतात. मग फक्त अडॅप्टर लावून एकदा बटण दाबा. बोर्डावर अडकून राहिलेला चार्ज यातून निघतो. पंखा फिरला आणि स्क्रीन काळीच राहिली तर खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. अक्षरं पुसट दिसली तर लॅपटॉप चालू आहे, गेली ती मागची लाईट.

डेस्कटॉप असेल तर मागे एसएमपीएसचा, म्हणजे आत पॉवर पुरवणाऱ्या डब्याचा, छोटा स्विच पाहा, झाडताना तो दाबला जातो. पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, असं असेल तर पॉवरची वायर काढून रॅम (मेमरीची पट्टी) बाहेर घ्या, सोनेरी पट्टीवर पेन्सिलचा खोडरबर हलका फिरवा, भुसा झटका आणि खट् आवाज येईपर्यंत परत बसवा.

मोबाइलचं चार्जिंगचं भोक आधी तपासा. जीन्सच्या खिशातला भुसा आत दाबून दाबून बसतो आणि केबल पूर्ण जातच नाही. लाकडी टूथपिकने हलकेच उकरा, सुई-पिन नको. पूर्ण उतरलेली बॅटरी लावल्या लावल्या काही दाखवत नाही, अर्धा तास चार्जरवर राहू द्या. मग बहुतेक अँड्रॉइडमध्ये पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण सोबत 15-20 सेकंद धरा. आयफोन 8 आणि त्यापुढच्यांत आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, मग कमी करायचं दाबून सोडा, आणि बाजूचं बटण लोगो येईपर्यंत धरा.

नागपूरचं ऊन मात्र वेगळं प्रकरण. पारा 45 च्या वर असताना गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला फोन स्वतःला वाचवायला बंद होतो आणि चार्जिंगही घेत नाही. सावलीत पंख्याखाली ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका बाप्पा, आत दव धरतं आणि मग तो खरंच माझ्याकडे येतो.

टीव्हीचा लाल दिवा लागला असेल तर रिमोटवर संशय घ्या. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोटचं बटण दाबा. टोकाला जांभळट उजेड चमकला नाही तर सेल बदला. टीव्हीवरचं बटणही दाबून पाहा.

जळका वास, फुगलेली बॅटरी किंवा पाणी गेलेलं असेल तर यातलं काहीच करू नका. चार्जर काढा आणि वस्तू बंदच ठेवा. फोन तांदळाच्या डब्यात गाडू नका, तांदळाची पूड भोकात जाते. एसएमपीएस किंवा टीव्हीचं मागचं झाकणही उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर (चार्ज साठवणारा भाग) 300 व्होल्टच्या वर चार्ज असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

दुकानात आणायचंच ठरलं तर अडॅप्टर आणि केबल सोबत आणा, नुसता लॅपटॉप नाही. चहा सांडला असेल तर सांडला म्हणा, उघडल्यावर आम्हाला तसाही दिसतो. फोटो आणि फाइली हव्या असतील तर ते वस्तू काउंटरवर ठेवतानाच सांगा, रिपेअर झाल्यावर नाही.