ऑब्जेक्टमधला अ‍ॅट्रिब्यूट काढताय? या चुका टाळा

पायथनमध्ये 'डेल' (del, काढून टाकायची आज्ञा) चालवलं आणि एरर आला नाही, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट (ऑब्जेक्टला नावाने जोडलेली व्हॅल्यू) गेलाच असं धरून चालू नका. समजा, 'कनेक्शन' नावाचा क्लास आहे आणि क्लासमध्येच टाइमआउट ३० ठेवलाय. त्याच्या एका ऑब्जेक्टला तुम्ही टाइमआउट ५ दिलात, नंतर डेलने काढलात. आता तो प्रिंट करून बघा. ३० येतात! ५ ही व्हॅल्यू ऑब्जेक्टच्या स्वतःच्या डिक्शनरीत (नाव-व्हॅल्यूंच्या जोड्यांच्या साठ्यात) होती, ती गेली. मग पायथनने क्लासमध्ये शोधलं आणि तिथले ३० काढून दिले. पुन्हा डेल चालवलंत तर मात्र अ‍ॅट्रिब्यूटएरर येतो, कारण ऑब्जेक्टकडे काढण्यासारखं काही उरलेलंच नाही. आणि तरीही हॅजअ‍ॅटर (hasattr, अ‍ॅट्रिब्यूट आहे का ते सांगणारं फंक्शन) 'ट्रू'च सांगतो. माझी अख्खी दुपार यात गेली होती, म्हणून कळकळीने सांगतो: काढण्याआधी 'व्हार्स' (vars, ऑब्जेक्टची स्वतःची डिक्शनरी दाखवणारं फंक्शन) लावून बघा. नाव तिथे दिसलं तरच तो त्या ऑब्जेक्टचा. (क्लासमध्ये फक्त स्लॉट्स (__slots__, म्हणजे डिक्शनरीऐवजी आधीच ठरवलेली नावं) असतील तर व्हार्स चालत नाही, हे लक्षात असू द्या.)

काढायच्या अ‍ॅट्रिब्यूटचं नाव व्हेरिएबलमध्ये असेल तर डेल आणि डॉट वापरू नका. पायथन त्या व्हेरिएबलच्याच नावाचा अ‍ॅट्रिब्यूट शोधत बसतं. तिथे 'डेलअ‍ॅटर' (delattr, नाव स्ट्रिंग म्हणून घेणारं फंक्शन) हवं. लूप लावून बरेच अ‍ॅट्रिब्यूट काढायचे असतील तर आधी नावांची लिस्ट करून घ्या. थेट डिक्शनरीवर फिरत काढलेत तर रनटाइमएरर येतो, आणि तोही एखादा अ‍ॅट्रिब्यूट उडाल्यानंतर.

प्रॉपर्टी (अ‍ॅट्रिब्यूटसारखी वाचता येणारी मेथड) डेलने जात नसेल तर तिला डिलीटर (डेल केल्यावर काय करायचं ते सांगणारी मेथड) लिहिलेला नाही, एवढंच.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती चूक वेगळीच: 'सध्या व्हॅल्यू नाही' हे दाखवायला अ‍ॅट्रिब्यूटच काढून टाकणं. एकाच क्लासचे दोन ऑब्जेक्ट, एकाकडे ईमेल आहे, दुसऱ्याकडे तो अ‍ॅट्रिब्यूटच नाही. मग ईमेल वाचणारी एखादी मेथड भलत्याच फाइलमध्ये कोसळते आणि डेल कुठे झालं याचा तिथे मागमूसही नसतो. अशा वेळी 'नन' (None, म्हणजे 'काहीच नाही' ही व्हॅल्यू) ठेवा.

डेल खरोखर शोभून दिसतं ते कॅश्ड प्रॉपर्टीवर (cached_property, एकदा काढलेलं उत्तर साठवून ठेवणारी प्रॉपर्टी). ती काढली की साठवलेलं उत्तर जातं आणि पुढच्या वेळी नव्याने हिशोब होतो. फक्त ती एकदाही वाचलेली नसेल तर अ‍ॅट्रिब्यूटएरर येईल, तो पकडायला विसरू नका.