अभिलेखागाराची पायरी चढण्याआधी

‘झेंडा सत्याग्रह’ एवढा मोठा विषय घेऊन घरातून निघू नका. आधी वहीत एका ओळीचा प्रश्न लिहा: 1923 च्या उन्हाळ्यात नागपुरात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघालेल्यांना सरकारने कसे अडवले? प्रश्न असा नेमका असला की काय शोधायचे ते समजते. जमावबंदीचा हुकूम, अटकेची नोंद, त्याच आठवड्याचे वर्तमानपत्र, तुरुंगातून घरी आलेले पत्र. त्या काळातल्या माणसाच्या हातचा कागद म्हणजे प्राथमिक साधन. पुढे कुणी अभ्यास करून लिहिलेले पुस्तक दुय्यम, पण तेही वाचूनच जा. फाइलींचे क्रमांक बहुधा त्याच्या तळटिपांतच सापडतात.

एकच पुस्तक मात्र दोन्ही असू शकते. नागपूर जिल्ह्याचे 1908 चे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सरकारी माहिती देणारा ग्रंथ, भोसल्यांच्या राज्यासाठी दुय्यम. इंग्रज अधिकारी या जिल्ह्याकडे कोणत्या नजरेने पाहत होते, हे शोधणाऱ्यासाठी तेच प्राथमिक. माझ्या मते सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट हीच.

घरबसल्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ चाळा. कंपनीच्या काळातले कागद हवे असतील तर नागपूरचे जुने, ‘ओआरई’ने संपणारे स्पेलिंगही टाकून बघा. भोसलेकाळात शिरायचे तर मोडी वाचणारे कुणी आधीच गाठून ठेवा. कागदावर शके असेल तर इंग्रजी वर्षासाठी त्यात 78 मिळवा, पौषात इंग्रजी वर्ष बदलले की 79. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर 1817 ची, म्हणजे शके 1739.

पुराभिलेख विभागाच्या नागपूर कार्यालयात जाताना कॉलेजचे पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल सोबत असू द्या. फोटो काढता येतील का, हे आधी विचारा. परवानगी मिळाली तर पहिला फोटो फाइलीच्या मुखपृष्ठाचा, मगच आतल्या पानांचा. विद्यार्थी असताना मी चाळीसेक पाने टिपून आणली होती, क्रमांक एकाचाही नव्हता. त्यातली एक ओळही प्रबंधात वापरता आली नाही, ते अजून मनाला लागून आहे.

प्रत्येक कागदासमोर तीन गोष्टी लिहा: कुणी लिहिला, कुणासाठी, घटनेनंतर किती दिवसांनी. पोलिसांच्या अहवालात जमाव लहान दिसेल, सत्याग्रहींच्या पत्रात मोठा. दोन्ही आकडे उतरवून घ्या, मधला काढू नका.

शेवटी घरोघरच्या आठवणी. कुणी सांगेल, आजोबा नागपुरात गांधीजींच्या मागे झेंडा घेऊन चालले. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. इथे पुढे होते जमनालाल बजाज आणि नंतर वल्लभभाई पटेल. तरीही ती आठवण खोडू नका. सांगणाऱ्याला मध्येच टोकू नका. बोलणे पूर्ण उतरवा, शेजारी तारीख घाला, आणि निघताना विचारा, “काकू, आजोबांची जुनी ट्रंक अजून आहे का हो?”