आयपीव्ही ४ आणि आयपीव्ही ६ यांतला फरक घरच्या घरी कसा पडताळावा

इंटरनेट पत्त्याच्या जुन्या आणि नव्या पद्धतींची तुलना कोरड्या तक्त्यावरून करण्यापेक्षा स्वतःच्या फोनवर आणि राउटरवर केलेली बरी, कारण अनेकांकडे या दोन्ही पद्धती आज एकाच वेळी चालू असतात.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून ‘आयपी ॲड्रेस’ पाहावा. १९२.१६८.१.७ असा, बिंदूंनी तोडलेला चार संख्यांचा पत्ता आयपीव्ही ४ चा. १९८१ साली ठरलेल्या या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ एवढी एक जागा) असल्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होतात, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्याच जागी दिसणारा, अपूर्णविरामांनी तोडलेला लांबलचक पत्ता आयपीव्ही ६ चा. तो १२८ बिटांचा असतो आणि त्यात बसणाऱ्या पत्त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी भरते.

हा लांब पत्ता वाचायला अवघड नाही. त्यात चार-चार अंकांचे आठ गट असतात आणि ० ते ९ बरोबर ए ते एफ ही अक्षरेही अंक म्हणून येतात (पडद्यावर ती रोमन दिसतील). गटाच्या सुरुवातीची शून्ये गाळता येतात आणि सलग शून्य गटांच्या जागी दोन अपूर्णविराम लिहिता येतात, मात्र हे एका पत्त्यात एकदाच. म्हणजे २००१:०डीबी८:००००:००००:००००:००००:००२५:०००१ हा पत्ता २००१:डीबी८::२५:१ असा उरतो. पत्ता २ किंवा ३ ने सुरू होत असेल तर तो जगभर चालणारा आहे; जिओच्या मोबाइल जोडणीवर सहसा २४०९ ने सुरू होणारा दिसतो. नुसता एफई८० ने सुरू होणारा दिसला, तर तो घरातल्या जाळ्यापुरताच आहे आणि बाहेरची आयपीव्ही ६ सेवा अद्याप आपल्यापर्यंत आलेली नाही, असे समजावे.

आता राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर ‘वॅन’ पत्ता, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने सेवा पुरवठादाराकडून मिळालेला पत्ता, पाहावा, कारण खरा फरक इथे कळतो. गावच्या घरी कॅमेरा बसवल्यावर मी पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून ठरावीक क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, आलेली हाक राउटरने आतल्या उपकरणाकडे धाडण्याची सोय) दोन संध्याकाळी घालवल्या, तरी शहरातून चित्र दिसेना. शेवटी वॅन पत्ता १००.७२ ने सुरू होतो हे लक्षात आले. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा सेवा पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी वापरतात, त्यामुळे बाहेरून आलेली हाक आपल्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. आयपीव्ही ६ मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळतो, त्यामुळे ही अडचण मुळातच उरत नाही, आणि माझ्या मते नव्या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. वेग वाढेल, या आशेने मात्र तिच्याकडे पाहू नये.

या लाभाबरोबर जबाबदारीही येते. पत्ता थेट असल्यामुळे राउटरमधील आयपीव्ही ६ फायरवॉल (बाहेरून येणारी नको ती हाक अडवणारी सोय) चालू आहे याची खात्री करावी आणि बाहेरून येणारी वाट फक्त कॅमेऱ्यापुरती, तीही आवश्यक त्या एकाच पोर्टपुरती उघडावी. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड त्याआधी बदलावा. फायरवॉलमध्ये ‘आयसीएमपीव्ही ६’ (जाळ्यातल्या अडचणींचे निरोप नेणारी व्यवस्था) सरसकट अडवू नये, कारण आयपीव्ही ६ मध्ये वाटेतले राउटर माहितीचे मोठे पाकीट तोडत नाहीत, ते मोठे असल्याचा निरोप परत पाठवतात. तो निरोप अडला की पाने अर्धवट उघडून थांबतात. चित्र ज्या फोनवर पाहायचे, त्याच्या जोडणीवरही आयपीव्ही ६ असावे लागते.

काही अडले की आयपीव्ही ६ बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. केवळ जुन्या पत्त्यावर चालणारी संकेतस्थळे अजून आहेत, म्हणून राउटरमध्ये ‘ड्युअल स्टॅक’ हा पर्याय निवडून दोन्ही पद्धती चालू ठेवाव्यात आणि राउटर पुन्हा सुरू करून फोनवरचा पत्ता परत एकदा तपासावा.