बर्फातली बाटली आणि उन्हातली लघवी: दवाखान्यातल्या इन्फेक्शनच्या तपासण्यांत या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. लातूरच्या आमच्या लॅबच्या खिडकीत तालुक्याहून आलेली एक पिशवी येऊन पडते. पिशवीत थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ आणि बर्फात गळ्यापर्यंत रुतवलेली ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची) बाटली. लघवीची डबी मात्र बाहेरच्या कप्प्यात. एसटीतून तीन तास आलेली, हाताला कोमट लागणारी. पाठवणाऱ्याने काळजी घेतली होती यात शंकाच नाही, फक्त उलटी घेतली होती.

ब्लड कल्चरची बाटली बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवायची नसते. रक्तातले मोजके जंतू वाढावेत म्हणूनच त्या बाटलीत पोषक द्रव असतो; गारठ्याने नाजूक जंतू मरतात आणि चिवट जंतू उशिरा उठतात. ती खोलीच्या तापमानाला, होईल तितक्या लवकर पाठवायची. (खोलीचं तापमान म्हणजे आपल्याकडच्या मेमधल्या पत्र्याखालचं नव्हे.) लघवी दोन तासांत लॅबला पोचणार नसेल, तर तिला मात्र फ्रिज हवा, तिथे ती २४ तास टिकते. ई. कोलाय हा जंतू मनासारखं वातावरण मिळालं की साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. एका मिलीलिटरमध्ये हजारच जंतू असले तरी सात वेळा दुप्पट झाले की सव्वा लाखाच्या वर जातात. म्हणजे लातूर फाट्यावर गाडी चहाला थांबेपर्यंत नमुन्यात चुकून मिसळलेल्या मूठभर जंतूंचं रिपोर्टवर ‘इन्फेक्शन’ तयार.

दाखल झाल्यावर ४८ तासांनी किंवा त्यानंतर जे इन्फेक्शन उद्भवतं, त्याला दवाखान्यात लागलेलं इन्फेक्शन म्हणतात. या रुग्णांचे रिपोर्ट मी रोज बघते, आणि माझं मत असं झालंय की रिपोर्ट बहुधा लॅबच्या दाराबाहेरच बिघडतो: नमुना घेताना, पाठवताना, आणि आलेला आकडा वाचताना. आमच्या हातूनही चुका होतात, त्या खाली लिहिल्या आहेतच.

सीआरपी वाढला म्हणजे जंतू सापडला, असं समजणं

सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन) हा रक्तात मोजतात तो पदार्थ जंतूचा नाही, आपल्या यकृताचा आहे. शरीरात कुठेही जाळ लागला की यकृत तो रक्तात सोडतं. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात तो पहिल्यांदा लक्षात आला, म्हणून त्याचं नाव इन्फेक्शनला चिकटलं. पण हाड मोडलं, ऑपरेशन झालं, स्वादुपिंड सुजलं, तरी तो चढतोच. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सगळ्यात वर असतो आणि इन्फेक्शन नसेल तर तिथून उतरायला लागतो. त्यामुळे खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सीआरपी १४० आला, ताप नाही, जखम कोरडी, तरी कुणी मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक सुरू केलं, तर ते आकड्यावर सुरू केलेलं औषध झालं. उतरणीला लागलेला आकडा चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा चढला, तर मात्र कान टवकारायचे. शोधायची ती दुसरी चढण.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. यकृतच निकामी असेल तर इन्फेक्शन असूनही सीआरपी मुकाट बसतो. टोसिलिझुमॅबसारखं दाह दाबणारं औषध दिलेल्या रुग्णातही तसंच.

आता अशा मार्करमधली (शरीरातल्या जाळाची खूण सांगणाऱ्या रक्ततपासण्यांमधली) सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त घडणारी चूक: एककाची. मागच्या वर्षी एक मुलगा वडिलांचे दोन कागद घेऊन खिडकीशी आला, हात थरथरत होते.

“मॅडम, काल नऊ पॉइंट सहा होता, आज ब्याण्णव! रातीतून धापट वाढला की. ताप बी अजून यायलाय.”

दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. पहिली लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर लिहीत होती, दुसरी मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे कालचा ९.६ हा दुसऱ्या लॅबच्या भाषेत ९६. सीआरपी वाढला नव्हता, जरासा उतरला होता. ते त्याला कागदावर रेघ मारून दाखवलं, आणि ताप अजून येतोय हे खरं असल्यामुळे वॉर्डमध्ये फोनही केला. तापाचं कारण निघालं मनगटातली सुई: सहा दिवस जुनी, भोवती लाल दोरी उमटलेली. सीआरपीने ती दाखवली नव्हती, सिस्टरच्या डोळ्यांनी दाखवली. म्हणून तुलना करायची तर एकाच लॅबचे आकडे घ्या, आणि आकड्याशेजारचं बारीक अक्षरातलं एकक आधी वाचा.

प्रोकॅल्सिटोनिनला देव मानणं

महागडी तपासणी असली की ती खरीच बोलणार, असं आपल्याला वाटतं. प्रोकॅल्सिटोनिन हा रक्तातला दुसरा मार्कर सीआरपीपेक्षा जंतूंच्या बाबतीत जास्त नेमका आहे, हे खरं. चार-सहा तासांत चढतो, साधारण दिवसाभरात कळस गाठतो आणि मग रोज निम्म्याने उतरतो. पण मोठं ऑपरेशन, भाजणं, मोठा अपघात यांतही तो वाढतो, किडनी निकामी असलेल्यात मुळातच थोडा वर असतो, आणि नवजात बाळात पहिले दोन दिवस आपोआप चढलेला असतो. एका जागी कोंडलेला पू असेल तर तो कमीही निघू शकतो.

माझ्या मते त्याचा खरा उपयोग औषध सुरू करायला नाही, थांबवायला आहे. आयसीयूत रुग्ण सुधारतोय आणि आकडा कळसापासून ८० टक्के उतरला किंवा ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या खाली आला, तर अँटिबायोटिक बंद करण्याचा विचार करायला डॉक्टरांना आधार मिळतो. त्यासाठी पहिला आकडा आणि दोन-तीन दिवसांनंतरचा आकडा, असे निदान दोन हवेत. एकदाच काढून फाइलला लावलेला प्रोकॅल्सिटोनिन म्हणजे एका पावसावरून दुष्काळाचा अंदाज.

आणि कुठलाही मार्कर जंतू औषधाला दाद देईल की नाही, हे सांगत नाही. साध्या गोळीने मरणारा ई. कोलाय आणि जवळजवळ काहीच न चालणारी क्लेबसिएला, दोघांचाही प्रोकॅल्सिटोनिन सारखाच वीस येऊ शकतो. ‘आकडा मोठा, म्हणून औषध मोठं’ हा हिशेब तिथेच फसतो. औषध ठरवायला जंतूच हातात यावा लागतो, म्हणजे कल्चर.

आधी डोस, मग कल्चर

अँटिबायोटिकचा पहिला डोस गेला की रक्तातले जंतू हाती लागण्याची शक्यता झपाट्याने घटते. आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर ‘मेरो, दुसरा दिवस’ (म्हणजे मेरोपेनेम कालपासून चालू) असं लिहिलेलं असतं आणि पाच दिवसांनी आम्ही लिहितो: वाढ नाही. घरच्यांना वाटतं, चला, इन्फेक्शन नाही!

सेप्टिक शॉकमध्ये (इन्फेक्शनने रक्तदाब कोसळलेला असताना) पहिला डोस तासाभरात जायलाच हवा, त्यासाठी कल्चरची वाट बघत बसू नका. पण दोन ठिकाणांहून रक्त काढायला पाच-सात मिनिटं लागतात, तासात तेवढी बसतात. मोठ्या माणसाला दर बाटलीला ८ ते १० मिलीलिटर रक्त हवं. तीन मिलीलिटर घालून ‘पाठवलं’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण मोठ्यांच्या रक्तात जंतू कधी कधी मिलीलिटरला एकही भरत नाही. कातडी क्लोरहेक्सिडिन-स्पिरिटने पुसा आणि ती वाळू द्या, फुंकर घालू नका. बाटलीचं रबरी बूचही पुसा. प्लास्टिकचं टोपण काढलं म्हणजे खालचं बूच निर्जंतुक असतं, हा गैरसमज आहे. जागा दोन हव्यात, कारण कातडीवरचा साधा स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस जंतू) एकाच बाटलीत उगवला तर तो बहुधा सुईबरोबर आलेला पाहुणा असतो. दोन्हीकडे उगवला तर घरचा.

पिशवीतली लघवी, नळीचं टोक

कॅथेटरच्या (लघवीसाठी घातलेल्या नळीच्या) पिशवीतून लघवी घेऊ नका. ती तासन्‌तास खाटेला लटकलेली असते. नळीवरची नमुन्याची जागा स्पिरिटने पुसून सुईने घ्या. नळी बरेच दिवसांची असेल तर ती बदलून नव्या नळीतून घ्या. काढलेल्या नळीचं टोक कापून पाठवू नका, आम्ही ते घेत नाही.

नळी लावून आठवडा झालेल्या माणसाच्या लघवीत जंतू पुष्कळदा सापडतात. ताप नाही, पोटात दुखत नाही, तर तो जंतू तिथे फक्त राहतोय. त्याच्यावर औषध झाडलं की तो मरत नाही, त्याच्यातले निगरगट्ट तेवढे उरतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या बेडक्यात येणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टरचंही पुष्कळदा तसंच. थुंकीच्या नमुन्यात पुवाच्या पेशींपेक्षा तोंडातल्या चपट्या पेशीच जास्त दिसल्या, तर तो नमुना लाळेचा. तो आम्ही परत पाठवतो तेव्हा राग मानू नका.

रिपोर्टमधला सगळ्यात छोटा आकडा निवडणं

हा प्रकार नव्या रेसिडेंट मंडळींत फार. कल्चरच्या रिपोर्टवर प्रत्येक औषधापुढे एक आकडा असतो: जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ०.५ आणि मेरोपेनेमपुढे १ दिसतं. छोटा आकडा म्हणजे जास्त धार, असं समजून सिप्रो लिहिलं जातं. पण प्रत्येक औषधाची रेघ वेगळी. ई. कोलाय-क्लेबसिएलाच्या घराण्यात सिप्रोला ०.५ म्हणजे मधली श्रेणी, आणि मेरोपेनेमला १ म्हणजे चालणारं. आंब्याचा भाव सोयाबीनच्या भावाशी ताडून बघण्यातला प्रकार. आकड्यापुढचं अक्षर वाचा: S म्हणजे चालतं, I मधलं, R म्हणजे चालत नाही.

काही गोष्टी रिपोर्टवर लिहिलेल्या नसल्या तरी गृहीत धरायच्या असतात. एंटरोकॉकसवर कुठलंही नेहमीचं सेफालोस्पोरिन चालत नाही. प्रोटियस आणि सेराशिया कोलिस्टिनला जन्मजात दाद देत नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरतं, रक्तातल्या इन्फेक्शनला ते देऊन काही होत नाही, कारण रक्तात ते पुरेसं टिकतच नाही.

एनडीएमबद्दल थोडं सविस्तर. हे जंतूंनी बनवलेलं, मेरोपेनेमसारख्या औषधांना तोडणारं, पोटात जस्त बाळगणारं विकर (एन्झाइम). त्याचा जनुक प्लाझ्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) बसून एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे सहज उडी मारतो, म्हणून एका खाटेवरची क्लेबसिएला शेजारच्या खाटेवरच्या ई. कोलायलाही ‘शिकवते’. अशा जंतूवर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम एकटं चालत नाही, कारण अविबॅक्टमला एनडीएम आवरत नाही. अ‍ॅझट्रिओनम एनडीएमकडून तुटत नाही, पण त्याच जंतूत सोबत असलेलं ईएसबीएल हे दुसरं विकर ते तोडतं. अविबॅक्टम त्या ईएसबीएलला धरून ठेवतं. म्हणून सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनम जोडीने द्यावी लागतात. घरच्यांनी सोसायटीकडून उचल घेऊन आणलेलं महागडं सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम एकटंच चार दिवस चाललेलं मी पाहिलंय. विकर कोणतं आहे हे लॅबला त्याआधी विचारलं असतं, तर ते चार दिवस वाचले असते.

आता आमच्या घरचं, म्हणजे लॅबमधलं

जंतू पसरलेल्या आगारवर (जेलीसारख्या खाद्यावर) औषधाची चकती ठेवतात, आणि भोवती जंतू न उगवलेलं वर्तुळ मोजतात. कोलिस्टिनची चकती मात्र लावू नका. तो रेणू मोठा, आगारमध्ये नीट पसरत नाही आणि वर्तुळ खोटं बोलतं. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रवात औषधाची वेगवेगळी प्रमाणं घालून जंतू वाढतो का ते पाहणं) करा, नसेल तर नमुना पुढे पाठवा.

अँटिबायोटिकच्या चकत्यांची डबी फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडू नका. जूनमध्ये दमट हवा सुटली की गार चकतीवर दव धरतं आणि औषध बिघडतं. इमिपेनेम तर फारच हळवं. डबी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. साठ्याच्या चकत्या उणे २० अंशांत ठेवा, फ्रिजच्या दारात नकोत. रात्री लाइट गेली तर फ्रिज आणि इनक्युबेटर किती वेळ बंद होते याची नोंद वहीत असू द्या. आणि सकाळी ई. कोलाय २५९२२ चं (चाचणी तपासायला ठेवलेल्या प्रमाण जंतूचं) वर्तुळ हद्दीबाहेर निघालं, तर त्या दिवसाचे रिपोर्ट रोखा. डॉक्टरांचे फोन येतील. येऊ द्यात.

जंतू ओळखण्याच्या जैवरासायनिक चाचण्यांतही घाई नडते. ऑक्सिडेज नायक्रोमच्या तारेने केली तर ती खोटी पॉझिटिव्ह येते. लाकडी काडी किंवा प्लॅटिनम वापरा, आणि १० सेकंदांत रंग पाहा. मिनिटाने जांभळी झालेली पट्टी पाहून ॲसिनेटोबॅक्टरचा स्युडोमोनास करू नका. स्टॅफ ऑरियस ओळखायची नळीतली कोअॅग्युलेज चाचणी (प्लाझ्मा गोठतो का) चार तासांनी वाचा. थेट दुसऱ्या दिवशी वाचलं तर जमलेली गुठळी विरघळलेली असू शकते, मग स्टॅफ ऑरियस ‘साधा स्टॅफ’ म्हणून सुटतो. एमआरएसएसाठी (मेथिसिलिनच्या घराण्याला दाद न देणारा स्टॅफ ऑरियस) सेफॉक्सिटिनची ३० मायक्रोग्रॅमची चकती: २१ मिलिमीटर किंवा कमी म्हणजे एमआरएसए. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन शेजारी लावा. क्लिंडाचं वर्तुळ एरिथ्रोच्या बाजूने चपटं झालं, इंग्रजी डीसारखं, तर क्लिंडा चालतं असं लिहू नका.

आणि घरच्यांनी

‘हाय पॉवरचं काहीतरी द्या’ असं म्हणू नका. डिस्चार्जनंतर उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंना देऊ नका. खाटेला हात लावायच्या आधी आणि नंतर हातावर स्पिरिटचं जेल घ्या, आणि ते सुकेपर्यंत चोळा. जुलाब चालू असलेल्या रुग्णाजवळून निघताना मात्र साबण आणि पाणीच, काही जंतूंची बीजं जेलने मरत नाहीत.

डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा. पहिला: अँटिबायोटिकच्या आधी कल्चर गेलं का? दुसरा एका आजोबांच्या नातवाकडून शिकले. तो रोज सकाळी राउंडच्या वेळी खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि एकच वाक्य म्हणायचा, “डॉक्टर, नळी आज काढायची का?” तीन दिवस सगळ्यांनी टाळलं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी फाइल चाळली, मावशींना पडदा ओढायला सांगितला आणि नळी काढली. त्या खाटेवरून आमच्याकडे लघवीचा नमुना आलाच नाही.