सोडियम आयोडाइड डिटेक्टरचं पहिलं कॅलिब्रेशन

पदव्युत्तर अणुअभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग, म्हणजे गॅमा किरण टिपणाऱ्या या डिटेक्टरचा कोणता चॅनेल (पल्सच्या उंचीनुसार काउंट साठवणारा खाना) किती ऊर्जेचा हे ठरवणं, सुरुवातीलाच येतो, आणि सोपा वाटतो म्हणूनच बिघडतो. शिखर एकदा चॅनेलवर बसलं की तिथंच राहील, हा समज मुळात चुकीचा.

हाय व्होल्टेज दिल्यावर अर्धा तास तरी काही मोजू नका. फोटोमल्टिप्लायरचा (स्फटिकातल्या प्रकाशाची विद्युत पल्स करणाऱ्या ट्यूबचा) गेन, म्हणजे वर्धन, व्होल्टेजच्या साधारण सातव्या घातानं वाढतो. व्होल्टेज १ टक्का हललं की शिखर ७ टक्के सरकतं. खोलीच्या तापमानानंही ते हलतं. किती व्होल्टेज द्यायचं ते ट्यूबच्या माहितीपत्रकात बघा, शेजारच्या गटाला विचारून ठरवू नका.

स्रोत सीलबंद, १ मायक्रोक्युरीच्या (३७ किलोबेकरेल) आसपासचे पुरतात. चकती कडेनं धरा. सीझियम-१३७ डिटेक्टरच्या तोंडापासून १० सेंमीवर ठेवा. १०२४ चॅनेलमध्ये २ एमईव्हीपर्यंत (म्हणजे २,००० केईव्ही; केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) बघायचं असेल, तर ६६१.७ केईव्हीचं शिखर ३३० व्या चॅनेलच्या आसपास आणा आणि मग गेनला हात लावू नका. त्याच जागी कोबाल्ट-६० ठेवा: ११७३.२ आणि १३३२.५ ची शिखरं साधारण ५८७ आणि ६६६ व्या चॅनेलला दिसतील. चॅनेल आणि ऊर्जेच्या या तीन बिंदूंतून सरळ रेषा काढा.

सीझियमच्या स्पेक्ट्रममध्ये १८४ केईव्हीजवळचा उंचवटा हा वेगळा गॅमा नव्हे. आजूबाजूच्या वस्तूंवर आपटून परतलेले फोटॉन आहेत ते. ४७७ केईव्हीचा उतार कॉम्प्टनचा, म्हणजे स्फटिकात ऊर्जेचा काही भागच टाकून निसटलेल्या फोटॉनचा. ३२ केईव्हीचं शिखर खरं, बेरियमच्या क्ष-किरणांचं, पण ते रेषेत घेऊ नका: कमी ऊर्जेला या स्फटिकाचा प्रकाश ऊर्जेच्या प्रमाणात राहत नाही.

अर्ध्या उंचीवर रुंदी मोजा. ६६१.७ ला ४६ केईव्ही, म्हणजे ७ टक्के, आली तर डिटेक्टर ठणठणीत. १० टक्क्यांच्या पुढे गेली तर आधी डेड टाइम (एक पल्स हाताळताना यंत्रणा दुसरी घेऊ शकत नाही तो वेळ) बघा. स्रोत फार जवळ असला की पल्स एकमेकांवर चढतात. तिथं काही सापडलं नाही, तर सीलमधून ओल शिरून स्फटिक पिवळा पडला असण्याची शक्यता आहे. त्यावर विद्यार्थ्याकडे इलाज नाही, प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सांगा.

आता काउंट. वेळ नेहमी लाइव्ह टाइममध्ये, म्हणजे डेड टाइम वजा करून, लावा. शिखराच्या पट्ट्यात १२,००० काउंट आले, स्रोत काढून तेवढ्याच वेळात २,००० आले, तर निव्वळ १०,०००. त्यातली अनिश्चितता मात्र √१०,०००, म्हणजे १०० नाही. दोन्ही काउंटच्या बेरजेचं वर्गमूळ घ्यायचं: √१४,०००, म्हणजे ११८. जर्नलमध्ये सर्वांत जास्त लाल शाई इथंच सांडते.

शेवटी स्रोत दूर ठेवून तासभर बॅकग्राउंड घ्या. भिंतींतल्या पोटॅशियम-४० चं १४६०.८ केईव्हीचं शिखर ७३० व्या चॅनेलच्या आसपास आलं पाहिजे. रेषा काढताना ते वापरलेलं नसल्यामुळे ही तपासणी फुकटात मिळते. मग सीझियम पुन्हा लावा. शिखर दोन-तीन चॅनेलपेक्षा जास्त सरकलं असेल, तर मधली सगळी मोजणी परत करा.